दोष आढळला नाही

नाहीद शेखला दुकानदार घाबरायचे. वांगी घेताना ती प्रत्येक वांग्याचं देठ उचलून बघे. औषधाच्या बाटलीवरची तारीख नखानं खरवडे, वरून दुसरी तर चिकटवली नाही ना म्हणून. ऑफिसात चहा आला की कप फिरवून त्याची कड तपासे. आम्ही हसायचो. आमच्या हसण्याचा तिला राग येत नसे, पण आम्ही का हसतोय याचा मात्र संशय येई.

राजुऱ्याच्या गुलाम रसूल घडीवाल्यांची ही थोरली मुलगी. बाप टेबलावर भिंग लावून घड्याळं दुरुस्त करायचा, आई खुर्शीदा घर सांभाळायची. नाहीदच्या पाठची फरहा. फरहा लहान असताना तिला खोकला झाला म्हणून एका खाजगी दवाखान्यात नेलं. तिथे त्याच नावाची दुसरी एक मुलगी यायची, तिला क्षयाची इंजेक्शनं चालू होती. कंपाउंडरनं नुसतं ‘फरहा’ म्हणून हाक मारली आणि या फरहाचा दंड पुढे आला. असं कित्येक दिवस चाललं. कळलं तेव्हा त्या इंजेक्शनांनी तिचा एक कान गेलेला होता. त्या दिवसांत बहिणीचं बोट धरून दवाखान्यात नेण्याचं काम नाहीदकडे होतं. घरात तिला कुणी बोल लावला नाही, पण तेव्हापासून ती अशी झाली, असं खुर्शीदाबी सांगायच्या. “भाऊ, इसको तो आपल्या सावलीचाही भरोसा नाई,” असं त्या मला एकदा म्हणाल्या होत्या.

मी वारलू. चंद्रपूरच्या एका संस्थेत दौऱ्यांचं काम बघत होतो. कोणत्या गावात कधी जायचं, जीप कुठली, रक्ताचे नमुने कोण आणणार, तपासणीची पत्रकं गावात कोण पोचवणार, हे सगळं माझ्याकडे. संस्था सिकलसेलवर काम करायची. हा रक्ताचा आजार आमच्या भागात पिढ्यानपिढ्या आहे. ज्याला तो पूर्ण असतो त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, हाडं ठणकतात, लेकरं रात्रंदिवस रडतात. ज्याच्यात तो अर्धा असतो त्याला काहीच होत नाही. त्याला वाहक म्हणतात. पण वाहक मुलीचं वाहक मुलाशी लग्न झालं तर त्यांच्या लेकराला पूर्ण आजार होऊ शकतो. म्हणून लग्नाआधी रक्त तपासा, हे आम्ही गावोगाव सांगत हिंडायचो.

नाहीद संस्थेत आली ती संगणकाचा डिप्लोमा करून. दोन हजार पाच साली मुलचेऱ्याला संस्थेनं छोटी प्रयोगशाळा काढली आणि तिथे रक्त तपासायचं नवं यंत्र बसवलं. ते चालवायला धनराज निकुरे होता. मूल गावचा पोरगा, शांत, हाताचा स्वच्छ. सुई टोचली तर लेकरू रडायच्या आत पट्टी लावून मोकळा. यंत्राला जोडलेल्या संगणकातून निकालांची फाइल निघे, ती सीडीवर घालून धनराज माझ्याजवळ देई आणि मी ती चंद्रपूरला नाहीदकडे आणत असे.

त्या फाइलीत प्रत्येक माणसाचं नाव, गाव, वय, निकाल हे वेगवेगळ्या खुणांच्या कंसात लिहिलेलं असे. एक्सएमएल म्हणतात त्याला. पण ती फाइल गावातल्या माणसाच्या हातात देऊन काय उपयोग? तिचं मराठी पत्रक व्हायला हवं. त्यासाठी नाहीदनं एक्सएसएलटी नावाच्या भाषेत नियम लिहिले होते. फाइल या नियमांतून गेली की पलीकडून पत्रकं बाहेर. निकालाच्या कंसात ‘एसएस’ असेल तर लाल चौकट, आजार आहे. ‘एएस’ असेल तर पिवळी चौकट, वाहक आहे. आणि या दोन्हींत न बसणाऱ्या सगळ्यांना साधी चौकट आणि एक ओळ: ‘दोष आढळला नाही.’

पहिले काही महिने काम चांगलं चाललं. लाल, पिवळ्या, साध्या चौकटी निघत होत्या. मग पावसाळा संपता संपता यंत्राच्या कंपनीचा माणूस मुलचेऱ्याला आला आणि त्यानं यंत्रातलं सॉफ्टवेअर बदललं.

त्यानंतरची पहिली फाइल नाहीदनं उघडून बघितली. कंपनीच्या माणसाचा हात लागलेली वस्तू ती न बघता कशी वापरेल? तर निकालाच्या प्रत्येक कंसात, आतल्या बाजूला, एक नवीनच गोष्ट आली होती. इंटरनेटच्या पत्त्यासारखी लांबलचक ओळ. तिनं मला बोलावून दाखवली.

“वारलूभाऊ, हे काय आहे? आपल्या लोकांच्या रक्ताचे निकाल हे लोक बाहेर कुठी पाठवून तर नाई राह्यले?”

मला त्यातलं काय कळणार? तिनं कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, “नाही मॅडम, तो पत्ता नाहीच. ते फक्त नाव आहे. तिथं काही उघडत नाही, तिथून काही जात नाही.” तिचा विश्वास बसला नाही. तिनं धनराजला सांगून त्या संगणकाची टेलिफोनची वायरच काढून टाकायला लावली. मग फाइल नियमांतून काढली. नावं बरोबर, गावं बरोबर, वयं बरोबर. पहिली पानं सगळी साध्या चौकटीची निघाली. बहुतेक लोक निरोगीच असतात, त्यामुळे त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. तिचा संशय चोरीवर होता, आणि चोरी होत नव्हती. तिनं ते प्रकरण मिटवलं.

पुढच्या उन्हाळ्यात, मोहाची फुलं वेचायचे दिवस असताना, रुखमाबाई चंद्रपूरच्या ऑफिसात आल्या. मुलचेऱ्याकडच्या मोहटोल्याच्या या बाई आमच्या गावकार्यकर्त्या. त्यांच्या मुलाला पूर्ण आजार. थंडी पडली की पोराचे गुडघे सुजायचे, त्या रात्ररात्र मांडीवर त्याचे पाय घेऊन बसायच्या. त्यांनी पदराखालून पत्रक काढलं आणि नाहीदच्या टेबलावर ठेवलं.

“मॅडम, हे माह्या पोट्ट्याचं. यावेळी पुन्हा तपासलं. वाचा काय लिवलं तं.”

नाहीदनं वाचलं. दोष आढळला नाही.

“बरा झाला का जी तो?” रुखमाबाईंनी विचारलं. आवाज साधा होता, पण डोळे नाहीदच्या चेहऱ्यावरून हलत नव्हते. “काल संध्याकाळी लोळून राह्यला होता दुखण्यानं. अन् कागद म्हणते काई नाई. गावातले लोक म्हणून राह्यले, हे रक्त तपासतच नाई. नागपूरला नेऊन विकते.”

संस्थेचे प्रमुख डॉक्टर बोरकुटे. तापट, पण कामाचे पक्के. त्यांनी लगेच सगळ्यांना बसवलं. मुलचेऱ्याहून धनराजला बोलावलं. नाहीदला विचारलं, गेल्या काही महिन्यांत मुलचेऱ्याचे निकाल काय आहेत? तिनं आपल्या संगणकातून तक्ता काढून दिला. राजुऱ्याकडचे निकाल हातानं भरलेले असत, त्यांत आजारी होते, वाहकही होते. मुलचेऱ्याच्या यंत्रातून मात्र पावसाळ्यानंतर एकही आजारी नाही, एकही वाहक नाही.

डॉक्टरांनी तक्ता धनराजसमोर सरकवला. “हे काय आहे?”

धनराज बघतच राहिला. “सर, असं कसं होईल? मले यंत्राच्या पडद्यावर एसएस दिसले. एएस तं कितीतरी दिसले. रुखमाबाईच्या पोराचा एसएसच होता, मी सोता पाह्यला.”

“मग इथं का नाही?”

“मले काय माहीत सर? कागद तं इथी निघते. मी कधी पाह्यलेच नाई.”

“पडद्यावरचं कागदावर काढून ठेवलंस?”

“प्रिंटर खराब आहे. मी फोनवर सांगतलं होतं तुमाले.”

डॉक्टरांना ते आठवत नव्हतं. ते माझ्याकडे बघू लागले. नमुने आणि सीडी माझ्याच हातातून यायच्या. मी मान खाली घातली. त्या खोलीत तेव्हा जो तो दुसऱ्याचे हात बघत होता.

मग नाहीद बोलली. “सर, मी मुलचेऱ्याले गेली होती तेव्हा भर दुपारी यंत्र बंद होतं. अन् धनराजभाऊ बाहेर झाडाखाली बसून होते.”

“लोडशेडिंग होती मॅडम,” धनराज म्हणाला. “अर्धा दिवस लाइन नसते तिथी. तुमाले माहीत आहे.”

“नमुने तं संपले होते. यंत्र बंद असताना कसे संपले, हे मले तेव्हाच खटकलं होतं.”

“सकाळी केले होते ना. लाइन जायच्या आधी.”

हे तो दोनदा म्हणाला. डॉक्टरांनी त्याला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं, मुलचेऱ्याची खोली बंद केली आणि आलेल्या सगळ्या सीडी आपल्या कपाटात कुलपात ठेवल्या. धनराज उठला. दारात थांबून त्यानं नाहीदकडे बघितलं. मग निघून गेला.

बातमी आमच्या आधी गावांत पोचली. रक्त विकणारा सापडला, असं लोक बोलू लागले. एका टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, बायांनी माझी जीप अडवली आणि आधी दिलेलं रक्त परत मागितलं. ते कुठून परत देणार? कुणी हात पुढे करेना. एवढ्या दिवसांचं काम बसलं. धनराजचं लग्न ठरायचं होतं, मुलीकडच्यांनी निरोप पाठवला की आत्ता थांबू.

नाहीदला मात्र त्या दिवसांत काहीतरी खटकत होतं. एके दुपारी तिनं मला विचारलं, “वारलूभाऊ, चोर इतका येडा असते का?”

“म्हणजे?”

“धनराजनं तपासणी न करता मनानं निकाल भरले असं समजा. मंग थो रुखमाबाईच्या पोराले चांगलं काऊन लिहीन? थो आजारी आहे हे त्याले माहीत होतं. जुनंच एसएस लिहून मोकळा झाला असता. अन् मधेमधे चार वाहक टाकले असते, म्हणजे कोणाले शंका आली नसती. सगळेच्या सगळे चांगले, असं खोटं कोणी करते का?”

मी म्हटलं, “आता हे सरांना सांगा.”

तिनं सांगितलं आणि जुन्या सीडी मागितल्या. डॉक्टरांनी बराच वेळ कपाट उघडलं नाही. शेवटी एक सीडी काढली ती माझ्या हातात दिली, तिच्या नाही. बाहेर येऊन हळूच म्हणाले, “वारलू, तू तिच्याजवळ बसून राहा. फाइलीत काही बदलायला नको.” नाहीदला ते ऐकू गेलं असावं. तिनं खुर्ची सरकवून मला जागा करून दिली.

तिनं फाइल नियमांतून न काढता तशीच उघडली. खुणांच्या कंसांची रांगच रांग. त्यात तिनं रुखमाबाईच्या मुलाचं नाव शोधलं. त्याखाली निकालाचा कंस होता. कंसात तो लांबलचक पत्ता होता. आणि पुढे स्वच्छ लिहिलं होतं, एसएस.

ती पडद्याजवळ सरकली. खाली गेली. आणखी एक एसएस. मग एएस, एएस. मग तिनं तीच फाइल आपल्या नियमांतून काढली. पत्रक पुढे आलं. दोष आढळला नाही.

तेवढ्यात लाइन गेली. पंखा थांबला आणि टेबलाखालचं बॅटरीचं खोकं टिकटिक वाजायला लागलं.

“भाऊ, दार लोटा,” ती म्हणाली.

खरं सांगतो, माझ्या मनात आलं की ही आता ते पुसते. मी दार लोटलं नाही. उठून खुर्ची दाराशी नेली आणि तिथून तिचे हात बघत बसलो. तिनं काही पुसलं नाही. ओढणीनं घाम पुसला आणि दोन्ही तळवे तोंडावर दाबले. खोक्याची टिकटिक थांबली, पडदा काळा झाला.

“मीच,” ती म्हणाली. “धनराज नाई. मी.”

मग तिनं मला समजावून सांगितलं. त्या लांबलचक ओळीला नेमस्पेस म्हणतात. दिसायला पत्ता, पण खरं तर ते आडनाव असतं. आधी फाइलीत निकालाचा कंस बिनआडनावाचा होता, आणि तिच्या नियमांत लिहिलं होतं, ‘निकाल’ नावाचा कंस शोध. कंपनीच्या माणसानं सॉफ्टवेअर बदललं आणि त्या कंसाला कंपनीचं आडनाव लागलं. माणसाच्या डोळ्याला तो तसाच दिसतो, पण नियमांच्या लेखी तो आता दुसराच कोणी. तिचे नियम बिनआडनावाच्या निकालाला हाका मारत राहिले. तसा कुणी तिथे नव्हताच. नियमांना ना एसएस सापडला, ना एएस. मग ते शेवटच्या ओळीवर गेले.

“आमच्या फरहाचं उलटं झालं,” ती म्हणाली. “तिथी दोघी होत्या, अन् हाक एकच होती. इथी माणूस एकच आहे, पण मी ज्या नावानं बोलावून राह्यली, त्या नावाचा थो राह्यला नाई. अन् मले उत्तर आलं नाई, तं मी लिहून देल्लं, दोष नाई म्हणून. सापडला नाई अन् दोष नाई, हे एक कसं होईल भाऊ?”

त्या कंपनीच्या माणसानं तिला खरं तेच सांगितलं होतं. ते फक्त नाव आहे. तिला त्यात लबाडी दिसली होती, म्हणून नुसत्या नावानं काय होऊ शकतं हा विचार तिच्या मनाला शिवला नाही.

मी दार लोटलं नव्हतं हे तिनं बघितलं होतं. त्याबद्दल ती त्या दिवशी बोलली नाही आणि नंतरही कधी नाही. ती उठली आणि सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेली.

दुरुस्तीलाही सुखासुखी यश आलं नाही. कंपनीचं ते आडनाव तिनं आपल्या नियमांच्या डोक्यावर लिहिलं, तरी चौकटी साध्याच. मग एका पुस्तकात वाचून कळलं की नुसतं डोक्यावर लिहून भागत नाही, त्याला एक छोटं टोपणनाव द्यायचं आणि नियमात जिथे जिथे ‘निकाल’ आहे तिथे तिथे त्याच्यापुढे ते टोपणनाव लावायचं. ते केलं तरी चौकटी साध्या. शेवटी दिसलं की पत्ता उतरवून घेताना शेवटची तिरपी रेघ राहून गेली होती. एक रेघ इकडची तिकडे झाली की आडनाव बदललं. रेघ घातली. प्रिंटर घरघरला आणि पिवळी चौकट बाहेर आली. मग लाल. मग पिवळी, पिवळी. पानं निघत होती आणि डॉक्टर एकेक उचलून बघत होते.

शेवटची ओळही तिनं बदलली. ‘दोष आढळला नाही’ हे आता निकालात तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच. काहीच सापडलं नाही तर: ‘निकाल वाचता आला नाही. संस्थेशी संपर्क करा.’

डॉक्टर म्हणाले, “लोकांना सांगू, यंत्रात बिघाड होता. कंपनीनं बदल केला होता, ते खोटं नाही.”

“अन् धनराजभाऊ?”

“त्याला परत बोलावू.”

“त्याले काय सांगायचं सर? की यंत्रानं त्याच्यावर आळ घेतला?”

डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले. तक्ता धनराजसमोर सरकवणारा हात त्यांचाच होता. मग म्हणाले, “जीप घेऊन जा.”

मूलला धनराजच्या घरी आम्ही पोचलो तेव्हा तो अंगणात धानाचं पोतं शिवत होता. नाहीदनं उभ्यानंच सगळं सांगितलं. मधे एकदाही कंपनीचं नाव घेतलं नाही. तो दाभण पोत्यात खुपसून ऐकत राहिला. आतून त्याच्या आईनं पाणी पाठवलं नाही.

“मॅडम,” तो म्हणाला, “चुकीचा मले राग नाई. माणूस आहे, चुकते. पण तुमी मले विचारलं काऊन नाई? एक फोन करून, धनराज, तुले तिथी काय दिसून राह्यलं, एवढंच. मी सांगतलं असतं. तुमी मले झाडाखाली बसलेलं पाह्यलं अन् मनात ठेवलं. तेवढे महिने मनात ठेवलं.”

ती म्हणाली, “मोहटोल्याले चलता का? तिथी एक लग्न आहे.”

लग्न होतं रुखमाबाईंच्या भाचीचं, दिव्यानीचं. रुखमाबाईंच्याच आग्रहानं दोन्ही घरांनी आधी रक्त तपासलं होतं. दोघांचीही पत्रकं साधी आली, म्हणून सोयरीक पक्की झाली. नव्यानं निघालेल्या पानांत दोघांच्या चौकटी पिवळ्या होत्या.

धनराज पोतं बाजूला सारून उठला. मग म्हणाला, “येतो. पण बोलायचं तुमी. सगळ्यांच्या समोर. मी फक्त तपासणीची नळी धरीन.”

मोहटोल्याला समाजमंदिराच्या ओट्यावर दोन्ही घरची माणसं जमली होती. नवरदेवाचे वडील मुखरू पहिल्यापासून बिथरलेले. नाहीदनं उभं राहून सांगितलं की आधीचे कागद चुकीचे होते, चूक तिची होती, धनराजनं तपासणी बरोबर केली होती. सांगताना तिनं ओढणीचं टोक मुठीत आवळून धरलं होतं.

मुखरूभाऊ म्हणाले, “आंदी म्हणे चांगलं. आता म्हणता खराब. उद्या आणखीन काई म्हणसान. आमी कोणतं खरं समजावं? का पोरीकडच्यांनं सोयरीक मोडाची म्हून तुमाले आणलं?”

“आमी काऊन मोडू?” दिव्यानीची आई उसळली. “तुमच्याच पोराच्या रक्तात असन!”

आवाज चढायला लागले. धनराज काही न बोलता ओट्यावर बसला आणि पिशवीतून काचेच्या नळ्या काढल्या. ही जुनी, साधी चाचणी. नळीत औषधाचं पाणी, त्यात रक्ताचा थेंब. थोडा वेळ थांबायचं आणि नळीमागे काळ्या रेघा ओढलेला कागद धरायचा. रेघा दिसल्या तर रक्त चांगलं. पाणी गढूळ होऊन रेघा झाकल्या तर रक्तात सिकलसेल आहे.

त्यानं आधी स्वतःचं बोट टोचलं. मग नाहीदकडे बघितलं. तिनं बोट पुढे केलं. दोघांच्या नळ्यांमागे कागद धरला, रेघा लख्ख दिसल्या. मुखरूभाऊंनी स्वतः येऊन बघितल्या, कागद उलटा करूनही बघितला. मग रुखमाबाईंचा मुलगा पुढे आला. त्याच्या नळीत दूध ओतल्यासारखं झालं. रेघा गेल्या.

मग दिव्यानी उठली. कुणी तिला बोलावलं नव्हतं. हात पुढे करून बसली. तिच्यानंतर नवरा मुलगा. दोन नळ्या शेजारीशेजारी, मागे एकच कागद. दोन्हींतून काही दिसेना. नाहीदनं सगळ्यांना सांगितलं, गढूळ म्हणजे आजारी असं नाही. अर्धा की पूर्ण हे या नळीत कळत नाही, ते यंत्र सांगतं, आणि यंत्रात हे दोघं वाहक आहेत. दोघं धडधाकट आहेत, धडधाकटच राहतील. प्रश्न लेकरांचा आहे. तोही प्रत्येक लेकराला होईलच असं नाही. पोटात असताना नागपूरला तपासता येतं.

दिव्यानी रुखमाबाईंच्या मुलाकडे बघत होती. लहानपणापासून दुखण्याच्या रात्री त्याचे पाय तिनंही दाबले होते.

“मले माहीत नसतं तं गोष्ट येगळी होती,” ती म्हणाली. “आता मले माहीत आहे. मी नाई करत.”

नवरा मुलगा उठला. ओट्यावरून उतरला आणि सायकल घेऊन निघून गेला. मुखरूभाऊ बराच वेळ त्या दोन नळ्या हातात धरून बसले होते. मग तेही गेले. गावातल्या काही घरांनी पुढे आमच्याकडून रक्त तपासलं, काहींनी दार उघडलं नाही ते नाहीच. दिव्यानीचं लग्न वर्षभरानं सिरोंच्याकडे झालं.

त्या फाइलींतली बाकीची माणसं गाठायला आम्हाला सगळा उन्हाळा लागला. नाहीद प्रत्येक गावात जीपमधून उतरायची आणि स्वतः सांगायची. काही ठिकाणी शिव्या ऐकल्या. एका घरी, जिथे लग्न होऊन गेलं होतं, ती आत गेली आणि फार वेळानं बाहेर आली. आत काय झालं ते मी विचारलं नाही.

धनराज संस्थेत परत आला नाही. डॉक्टर बोरकुटे स्वतः मूलला जाऊन आले, तरी नाही. त्याला ऊर्जानगरकडे एका दवाखान्यात काम मिळालं. थांबलेली सोयरीक पुढे सरकली नाही. लग्न दुसरीकडे झालं.

मी संस्था सोडायच्या सुमारास, म्हणजे दोन हजार नऊच्या हिवाळ्यात, नाहीद आणि मी चंद्रपूरच्या बसस्टँडवर राजुऱ्याच्या गाडीची वाट बघत होतो. धनराज दिसला. कडेवर लहान मुलगी, सोबत बायको. नाहीदच आधी त्याच्याकडे गेली. आम्ही टपरीवर चहा घेतला. मुलीचं नाव काय, दवाखान्यात काय चालतं, असं बोलणं झालं. दोघंही जपून बोलत होते.

“तुमच्या इथी अजून मुलचेऱ्याच्या फाइली येते का?” त्यानं विचारलं.

“येते,” नाहीद म्हणाली. “आता नवीन पोरगी आहे तिथी. मी दर हप्त्याले तिले फोन करतो. तुले पडद्यावर काय दिसून राह्यलं ते सांग म्हणतो, अन् मंग माह्या कागदाशी लावून पाहतो.”

“तिले राग नाई येत? तुमी शक घेता म्हून?”

“आंदी यायचा. मंग तिले सांगतलं, मी तुह्यावर शक नाई घेत, माह्यावर घेतो.”

धनराजनं तिच्याकडे नीट बघितलं. त्याला ते पटलं की नाही, मला सांगता येणार नाही. त्यानं चहाचा रिकामा पेला फळीवर ठेवला, मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. ऊर्जानगरची गाडी लागली होती. बायकोला आधी चढवून तो पायरीवर चढला, आणि गाडी सुटेपर्यंत आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.